ताटातलं नाव

शिरूरच्या दवाखान्यात बायकोला ॲडमिट करताना बिरुदेवनं नाव सांगितलं, अनुपमा. मुलगी झाली आणि जन्मनोंदीच्या खिडकीवर घोडं अडलं.

"पाव्हणं, आधारवर तर म्हाळसा हाय. मग ही अनुपमा कोण?" क्लार्कनं विचारलं.

"एकच हाय हो. लग्नात नाव बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीनं मीच लिहिलं. म्हाळसा लई जुनाट वाटायचं."

क्लार्कनं त्याच्या आधारवरचं 'बिरुदेव' वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडं नुसतं बघितलं. "ताटातलं इथं चालत न्हाई. ॲफिडेव्हिट आणा."

बिरुदेव नोटरीकडं गेला, झेरॉक्सच्या रांगेत उभा राहिला, परत आला तर साहेब जेवायला गेलेले. दुपार कलल्यावर एकदाचा दुरुस्त कागद हातात पडला. त्यावर फक्त आईची सही राहिली होती.

वॉर्डात बाळ झोपलं होतं, बायकोही.

"अनुपमा," त्यानं हाक मारली. "ए अनुपमा, ऊठ की."

ती हलली नाही. रात्रभर कळा सोसून पार गळून गेली होती. तोही थकून कॉटच्या कडेला टेकला आणि कागदात आता तरी चूक नाही ना, म्हणून पुटपुटत वाचू लागला.

"आईचं नाव... म्हाळसा."

बायकोनं डोळेही उघडले नाहीत. झोपेतच म्हणाली,



"आले गं आये!"