माईक बंद पडला तेव्हा

जनसुनावणीत माईक बंद पडला, तरी तेलकंपनीची तरुण इंजिनिअर थांबली नाही. ओढणी कमरेला खोचून तिने मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज लावला.

"समुद्रात तेलविहिरी झाल्या तर पोरांना गावातच नोकऱ्या मिळतील. डिझेलचा भावही उतरेल. आज त्यापायी निम्म्या होड्या किनाऱ्यावर पडून आहेत."

विरोधाचा काळा झेंडा धरून बसलेली देवकाबाई समोर बोलणाऱ्या आपल्या लेकीकडे बघतच राहिली. मासळीबाजारात टोपलीपाशी उभं करून अशी हाक द्यायला तिनेच तिला शिकवलं होतं.

"पोरगी उलटली गो तुझी," शेजारीण म्हणाली.

"उलटली कुठं? पटलं ते चारचौघांत बोलते." देवकाबाईने झेंडा शेजारणीकडे दिला आणि पदर खोचला. "आता विहिरी झाल्यावर जाळी कुठं टाकायची, ते मी विचारते तिला."

ती उठली, तेवढ्यात दुरुस्त झालेला माईक कुणीतरी पुढे केला. तिने तो हाताने बाजूला सारला.

"राहू दे. आमच्या घरात तो कुणाला लागत नाही."