फाटकाअलीकडचं रान

"काका, दाबा!" एहसान ओरडला.

रखमाजींनी दाबलं नाही. टीव्हीतल्या जंगलाच्या फाटकाशी दोघांचेही गडी येऊन उभे होते. लाल बटण दोघांनी एकदम दाबलं तरच फाटक उघडायचं. वेळ संपली. खेळ परत जंगलाच्या सुरुवातीला.

"अवो, हाक मारली की!"

"एकदाच मारली," रखमाजी म्हणाले. "रानात पयल्या हाकेला ओ देऊ न्हाई. चकवा आसतो."

भोरच्या स्टँडमागं एहसानचं व्हिडिओ गेमचं दुकान. पोरं आता सायबर कॅफेत जायची. धाकटा भाऊ सरफराज रियाधला गेल्यापासून दुसरा रिमोट खुंटीलाच. हे पहिलं जंगल भावाभावांना कधी पार झालं नव्हतं. आज सांजच्याला सरफराजचा फोन यायचा होता, आणि एहसानला त्याला एकच गोष्ट सांगायची होती : गड्या, जंगल संपलं.

हिर्डोशीचे रखमाजी महिन्यामागं उन्हाचे जरा टेकायला म्हणून आत आले. एहसाननं गंमत म्हणून त्यांच्या हातात रिमोट दिला. तेव्हापासून दर बाजाराला हजर.

टीव्हीतली झाडं म्हणजे नुसते हिरवे चौकोन. पण रखमाजी चालता चालता सांगायचे, "ह्यो हिरडा. ह्यो ऐन. थांब, त्या जाळीत करवंदं आसत्याल."

"करवंदं न्हाईत काका, राक्षस हाय!"

"मग त्यानं खाल्ली आसत्याल."

एहसान खो खो हसला. "उशीर होतोय तुमाला. घरी कोन वाट बघतंय का?"

"मांजर. ती बी शेजाऱ्याची."

दोघे परत फाटकाशी आले. एहसाननं या खेपेला डाव टाकला.

"काका! काका! ओ काका!"

तीन हाका. आता चकव्याचं नाव घ्यायची सोय राहिली नाही. रखमाजींचा अंगठा बटणावर आला आणि तिथंच थांबला.

"फाटकाम्होरं काय हाय रं?"

"वाळवंट. नुसती वाळू."

"झाडं?"

"एक न्हाई."

"मग तितं म्या तुला काय सांगायचं?"

पडद्यावर आकडे उतरत होते. सात. सहा.

"दाबतो म्या," रखमाजी म्हणाले. "तुज्या भावाला सांगायचंय न्हवं तुला."

तेवढ्यात एहसानचा गडी गर्रकन मागं वळला आणि धप्पकन ओढ्यात पडला.

"च्यायला, घसरलो!"

रखमाजींनी त्याच्या अंगठ्याकडं बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं.

पडद्यावर पहिला हिरवा चौकोन आला. रखमाजींनी मांडी घातली, रिमोट नीट धरला.

"ह्या टायमाला वरच्या वाटंनं जाऊ," ते म्हणाले. "खालनं रान लई लवकर संपतंय."