हातभर सफाई

जाळी काढायची, हात पोहोचेल तिथवर घासायचं, फोटो काढायचा आणि जाळी परत बसवायची. एका केबिनला दहा मिनिटं. जावयाने ठेका घेतल्यापासून बोटींवरच्या एसीची सफाई अशीच व्हायची, कारण तपासायला येणारा माणूसही हात घालून घालून खांद्यापर्यंतच घालतो. त्याच्या पलीकडे डक्टमध्ये, हवेच्या बोगद्यात, काय साठलंय ते फक्त तिथे झोपणाऱ्याच्या छातीला ठाऊक.

आज मात्र खालच्या मजल्यावरच्या शेवटच्या केबिनमध्ये सासऱ्याने ब्रशला लांब दांडा जोडला आणि तो पार आत सारला. केबिन बोटीवरच्या आचाऱ्याची होती. तो बिछान्याच्या कडेला बसून बॅग भरत होता. एका शर्टाची घडी घालेपर्यंत तीनदा खोकला.

"चीफ इंजिनियरसाहेब म्हणतात, सिगारेटीने झालंय," आचारी म्हणाला. "तुमच्या कागदावर डक्ट साफ असं आलं, की मला बोटीवरून उतरवणार. म्हणजे खोकला माझा मी आणलेला. औषधपाणी माझं मी बघायचं आणि नोकरीवरही पाणी सोडायचं."

"ओढता का?"

"जेवण झालं की एक. खोटं कशाला बोलू? पण बारा वर्षं ओढतोय. खोकला या केबिनमध्ये आल्यावर लागला."

ब्रश बाहेर आला तो काळाकुट्ट आणि ओला. आतल्या अस्तराचा कापूस भिजून, कुजून त्याला लोंबत होता. त्यावर बुरशी, आणि वास असा की दोघांनीही नाकाला बाही लावली.

सासऱ्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. राग चीफचा होता, जावयाचा होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्वतःचाच होता. सफाईचा परवाना त्याच्या नावावर, त्यामुळे कागदावर सहीही त्याचीच लागायची. लेकीचा संसार नीट चाललाय, कशाला तोंड उघडा, असं म्हणत दोन वर्षं तो प्रत्येक कागदावर डोळे झाकून सही ठोकत आला होता.

तेवढ्यात जावई फॉर्म घेऊन दारात आला. मागे चीफ इंजिनियर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

"मामा, एवढी सही करा. बोट चारला सुटतेय."

"जावईबापू, हा ब्रश बघितलात का?"

जावयाने ब्रश पायानेच बिछान्याखाली सारला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मामा. घरी बोलू आपण."

"घरी कुठे बोलता येतं? घरी तुम्ही जावई असता."

चीफ हसला. "काका, कशाला त्रास करून घेता? डक्टला काही झालेलं नाही. हा पठ्ठ्या मागच्या डेकवर जाऊन धूर काढतो. मी स्वतः पाळत ठेवून बघितलंय."

"वा! म्हणजे आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून."

जावई सासऱ्याकडे असा बघत होता, जणू त्याने भर पंगतीत ताट उपडं केलं.

"डक्ट साफ आहे म्हणता ना, साहेब?" सासऱ्याने आवाज चढवला. त्याने वरच्या उघड्या भोकाकडे बोट दाखवलं. सफाईसाठी बंद केलेल्या हवेच्या झडपेची चावी दुसऱ्या हाताने धरली. "मग या, इथे खाली उभे राहा. तोंड वर करा. मी हवा पूर्ण सोडतो. पाच मिनिटं फक्त. हा माणूस रोज आठ तास झोपतो याच्याखाली."

"हा काय पोरखेळ लावलाय?"

"पाच नको, दोनच मिनिटं. तुम्ही उभे राहिलात तर मी मुकाट्याने सही करतो."

चीफने वर पाहिलं. मग स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. मग तो दोन पावलं मागे सरत पॅसेजमध्ये गेला आणि तिथून ओरडला, "सही करायची नसेल तर तसं सांगा! ठेकेदार काय ढीगभर मिळतात!"

"मग तुम्ही या, जावईबापू. काम तुमचंच आहे."

जावईही जागचा हलला नाही. हलला तो एवढाच, की त्याचा खांदा दाराच्या चौकटीला टेकला. "मामा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुमच्या लेकीचा तरी विचार करा."

"दोन वर्षं तिचाच केला. हा मेला असता म्हणजे?"

आचारी मान खाली घालून बसला होता. सासऱ्याने झडपेची चावी सोडली, जावयाच्या हातातून फॉर्म ओढून घेतला आणि आचाऱ्याच्या शेजारी बिछान्यावर बसला. फॉर्म तीन प्रतींचा होता. "यातली एक तुमची," तो आचाऱ्याला म्हणाला. "घरी न्या, डॉक्टरला दाखवा, कोर्टात दाखवा, कुठेही दाखवा."

'डक्ट पूर्ण स्वच्छ आढळला' ही छापील ओळ त्याने खोडली. पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला. बाजूला 'आत बुरशी, अस्तर कुजलेलं' असं लिहिलं. मग खाली शेऱ्याच्या चौकटीत, पॅसेजपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात एकेक शब्द उच्चारत, त्याने लिहिलं:

"चीफसाहेबांना जाळीखाली उभं राहायला सांगितलं. उभे राहिले नाहीत."