दुधातलं पाणी

"भरला माझा घडा, ऊन पिऊनिया जाई, घोट घोट घाली, त्याला राखणारी बाई." लहानपणी छबुमावशीच्या मांडीवर वैजिनाथनं ही ओवी ऐकली होती. आज सभेत दूध सोसायटी तिचं सभासदत्व काढून घेणार होती. त्यानं बनवलेलं फॅट मोजायचं मशीन तिचं दूध रोज पाणचट ठरवत होतं. "टँकर न्हाई, प्यायला थेंब न्हाई," मावशी कडाडली, "दुधात घालायला तुमच्या घरून आणू का, चेअरमनसाहेब?" सगळे हसले, वैजिनाथ नाही. तिची वस्ती लांब. दूध येईस्तोवर पत्र्याखालचं मशीन तापलेलं असे. तापल्यावर, फॅटचा आकडा ज्यावर ठरे तो सर्किटमधला विजेचा इवला साठा आकडा उमटण्याआधीच गळे, फॅट कमी दिसे. घोट घोट वीज घालून साठा राखणारा ट्रान्झिस्टर त्यानं बॅटरी वाचवायला वगळला होता. तिच्याविरुद्ध हात उठू लागले. वैजिनाथ उठला. "मावशी, खोट मशीनमधी हाय. मला आधीच कळलं होतं, गप बसलो."