खडूची रेघ

बाबांच्या खोलीच्या दारात खडूची रेघ होती. परवा त्यांना स्कॅन करून आणल्यावर लेकीनेच ती ओढली होती. अंगात किरणांचं औषध टोचलंय, सहा तास लहान मुलं जवळ नकोत, असं तिथल्या माणसाने बजावलं होतं. सहाचे बारा झाले, बाराचे दोन दिवस. उगाच विषाची परीक्षा कशाला, म्हणत तिने रेघ पुसलीच नाही. तिची दोन वर्षांची पोर, मुंगी, रेघेशी आली की ती नुसते डोळे वटारायची.

आज रिपोर्ट आला. तो घेऊन ती दारातच उभी राहिली.

"वाच," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आणि मधलं गाळू नकोस. तीस वर्षं आगी विझवल्यात मी. डॉक्टर स्टेज समजावत होते, तेव्हाच म्हटलं, अरे, हे तर आमचंच! आग केवढी? शेजारच्या खोलीत शिरली का? जिना चढली का?"

"गाठ पाच सेंटिमीटरची आहे."

"बरं. शेजारी?"

"छातीतल्या ग्रंथींत... शिरलीय."

"आणि जिना?"

तिने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "बाबा, हल्ली इतकी चांगली औषधं निघालीत—"

"कुठे गेलीय ते सांग."

"मणक्यात."

बाबांनी मान हलवली. हाताखालच्या माणसाने नीट वर्दी दिल्यावर हलवायचे, तशी. "मग घर वाचवत बसायचं नसतं. आधी पोरंबाळं बाहेर काढायची."

"पुरे हं, बाबा!"

ती तरातरा जाऊन ओलं फडकं घेऊन आली. गुडघ्यांवर बसून तिने रेघ घासली, पार नाहीशी होईपर्यंत घासली. मग हाक मारली, "मुंगे, ये गं. जा, आजोबांच्या मांडीवर बस."

मुंगी धावत आली. बाबांनी नकळत दोन्ही हात पुढे केले.

ओल्या फरशीशी येऊन मुंगी थबकली. पायांची बोटं जुळवून उभी राहिली आणि आईच्या डोळ्यांकडे बघू लागली.

"अगं, जा ना!"

मुंगीने मान हलवली. नाही.

"जा म्हणते ना!"

बाबांनी हात हळूच मागे घेतले, मांडीवर ठेवले.

"ओरडू नकोस तिला," ते म्हणाले. "चांगलं शिकवलंयस."