उतरल्यावर बोलते

फलटणच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचा माणूस स्पीकर लावून आपल्या वारलेल्या वडिलांशी गप्पा मारत होता. मेलेल्यांचे आवाज फोनवर बोलू लागल्यापासून प्रवासात हे रोजचंच झालं होतं. मृणालिनीच्या फोनवरही सकाळीच आईचा आवाज तयार होऊन आला होता. फक्त ‘सुरू’ दाबायचं बाकी होतं.

“दादा, आवाज कमी करा,” ती म्हणाली.

“वडील आहेत माझे. गेलेत!”

“माझीही आई गेली. म्हणून सगळ्या बसनं ऐकायचं का?”

फोनमधून थकलेला आवाज आला, “हणमंत, ताई बरोबर बोलतायत. स्पीकर बंद कर.”

हणमंत चिडला. त्यानं सेटिंग उघडून वडिलांची ‘शिस्त’ शून्यावर आणली. लगेच तोच आवाज खो खो हसला, “बोल रे बिनधास्त! मोठी आली शहाणी!”

मृणालिनीच्या अंगाची लाही झाली. तिची आई बसमध्ये फोन आला की तोंडाशी पदर धरून ‘उतरल्यावर बोलते’ एवढंच कुजबुजायची. ती आईही आता अशीच आपल्या बोटाखाली येणार, हवी तशी बदलता येणार होती.

तिनं आईचा आवाज एकदाही न ऐकता पुसून टाकला.