सामोच्या दुकानातली स्कूटर

“ही पांढरी हलकी आहे, पण ब्रेक पोचट,” नोआगा सावादोगो म्हणाले. वय सत्तरीपलीकडचं, तरी उकिडवे बसून ते स्कूटरचं चाक अंगठ्याने दाबून बघत होते. “पुढची दाखव.”

त्यांची लेक झालिसा दोन पावलं मागे उभी होती. वागाडुगुच्या या रस्त्यावर विजेच्या स्कूटरची चार दुकानं. पहिली तीन सोडून तिने बाबांना चौथ्यात आणलं, कारण पाटीवर पारे हे आडनाव होतं. पारे म्हणजे सामो जमातीचे, आणि सावादोगो मोसी जमातीचे. आणि सामोने मोसी माणसाला थट्टेत तोंडावर काहीही बोलावं, मोसीने ते हसून ऐकावं, आणि सामोनेही मोसीचं तसंच ऐकावं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पोटच्या पोरांना मात्र ही मुभा नाही. बाबा, तुम्हाला आता दिसत नाही, गाडी चालवू नका, हे त्यांना सांगायचं कोणी? तिन्ही भावांनी हात वर केले होते. झालिसाची सहा वर्षांची रैनातु रोज आजोबांच्या मागे बसून शाळेत जायची. गेल्या आठवड्यात बाबांची जुनी मोपेड पाण्याच्या गाढवगाडीवर जाऊन आदळली. पोर तेव्हा मागे नव्हती एवढंच नशीब. चूक गाढवाची, असं बाबांचं म्हणणं. थोडीशी मोपेडची. म्हणून आता नवी घ्यायची.

काल झालिसा एकटीच या दुकानात येऊन सगळं सांगून गेली होती. मालकीण बिबाता पारे म्हणाली होती, “घेऊन ये त्याला.”

आज तीच बिबाता खुर्चीभर पसरून शेंगा सोलत होती.

“सावकाश बघ, मोसी. गुलामाला गाडी घ्यायची तर मालकिणीची परवानगी लागते. मी अजून दिलेली नाही.”

“कुत्र्याच्या मुंडक्याच्या बदल्यात आम्ही तुझ्या आजोबाला सोडून दिला, म्हणून तू आज खुर्चीवर बसलीयेस,” बाबा म्हणाले. कुत्र्याचं मुंडकं ही सामोंना चिडवायची मोसींची जुनी थट्टा. बाबांचा चेहरा खुलला होता. घरात त्यांच्याशी असं कोणी बोलत नसे.

ते निळ्या स्कूटरपाशी गेले. “एका चार्जिंगमध्ये किती जाते?”

“सत्तर किलोमीटर. बॅटरी काढून घरात नेता येते.”

“आणि वीज गेली की?”

“वीज गेली की सगळ्या मोसींसारखी तीही झोपते.”

बाबा खूश होऊन हसले. तिसरी, लाल, त्यांनी कलवून बघितली आणि नापास केली. इतकी जड गाडी फाटकातून आत घेताना माणसाची कंबर जायची, म्हणाले. मग खांबाला वळसा घालून ते आणखी एका गाडीपाशी थांबले. तिच्या हँडलवरून हात फिरवला, ब्रेक आवळला, सीट थोपटली.

“ही बघ. त्या पहिलीपेक्षा कितीतरी बरी. ब्रेक कसा घट्ट आहे! हीच घेऊ.”

ती पहिलीच होती. बाबा फिरून दुसऱ्या बाजूने तिच्यापाशीच आले होते.

झालिसाने मान खाली घातली. बिबाताने शेंगांची टोपली जमिनीवर ठेवली.

“मोसी, ही तीच गाडी आहे,” ती म्हणाली. “मघाशी जिचा ब्रेक पोचट होता ती. तुझे डोळे गेलेत. मी तुला गाडी विकणार नाही. स्वतः मरायचं तर खुशाल मर, पण मागे नात बसते तुझ्या.”

बाबांचा हात सीटवर तसाच राहिला. रागवायची सोय नव्हती. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर ते उठून गेले असते आणि त्या घराचं पाणीसुद्धा प्यायले नसते. झालिसाला वाटलं, धावत जाऊन त्यांना धरावं, चूक झाली म्हणावं, घरी न्यावं.

मग बाबा हसले. आधी हसायलाच हवं म्हणून, आणि नंतर डोळे पुसावे लागेपर्यंत.

“सामोला लाज नसते,” ते म्हणाले.

“नसतेच,” बिबाता म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता.

बाबांनी सदरा नीट केला. “मागची सीट कुठल्या गाडीची लांब आहे?”

“निळीची.”

“म्हातारा माणूस बसेल?”

“आरामात. पोर पुढे उभी राहील.”

“आणि चालवणार कोण?”

“मला काय विचारतोस? लेक उभी आहे ना मागे.”

बाबा वळले नाहीत. “झालिसा, सकाळी कामावर किती वाजता निघतेस?”

“तुम्ही म्हणाल तेव्हा, बाबा,” ती कसंबसं म्हणाली. या माणसाबद्दल इतकी माया तिला कधी वाटली नव्हती.

निळी स्कूटर चालवून बघायला तिने रस्त्यावर काढली. बाबा मागे बसले, आधी सीटची कड धरून, मग तिचे खांदे धरून. गाडीला आवाज नव्हता, त्यामुळे ते हळू बोलले तरी तिला ऐकू आलं.

“आज दुकानात नातीचं नाव आपल्या दोघांपैकी कोणी काढलं नव्हतं. त्या बाईला कसं कळलं?”

झालिसाने गाडीचा वेग कमी केला.

“बरं केलंस,” बाबा म्हणाले.

पुढे चौक आला. तिने गाडी थांबवली. चारी बाजूंनी मोपेडी येऊन उभ्या राहिल्या.

“कुठला दिवा आहे?” बाबांनी विचारलं.

“लाल, बाबा.”

“बरं.” बाजूच्या मोपेडी गुरगुरू लागल्या. “आता?”

“आता हिरवा.”

“मग निघ की,” म्हणत त्यांनी तिचे खांदे घट्ट धरले.